लिफाफ्यातला घोडा

अंबरनाथ,
सोमवार, ७ फेब्रुवारी १९५५

तीर्थस्वरूप आण्णा यांस,
धाकट्या श्रीपादचा साष्टांग नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर पाहूनच तुम्ही ओळखलं असेल आणि वहिनींना न दाखवता पाकीट बंडीच्या खिशात टाकलं असेल. शेवटी फोडलंत हे बरं केलंत, कारण काम घाईचं आहे.

इकडे आम्ही सगळे खुशाल. थंडीनं कुंदाचा गुडघा धरला होता, आता ती जिन्यावरून खाली उतरते, वर चढताना मात्र माझ्या नावानं बोटं मोडते. मीनल सासरी रमली. फॅक्टरीत आमच्या इन्स्पेक्शन सेक्शनला माल मोजायची नवी गेजं आली आहेत. केसभर कमी-जास्त असला तरी माल परत, आणि परत पाठवणारा मी, त्यामुळे सध्या माझ्याशी गोड बोलणारे थोडे. देवळाकडे शिवरात्रीच्या जत्रेसाठी दुकानांच्या जागा आखायला लागले आहेत. वहिनींच्या वालाच्या शेंगा यंदा कशा आल्या?

बदलापूर इथून एक स्टेशन. एवढ्याशा अंतरासाठी मी तिकीट चिकटवून पत्र पाठवतो आहे, याचं तुम्हाला हसू येईल. काल संध्याकाळी यायला निघालोही होतो. स्टेशनपर्यंत गेलो, बाकावर बसलो आणि उठून घरी आलो.

आता मुद्द्याचं. आमच्या बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धेचा शेवटचा डाव काल होता. समोर होतचंद मास्तर. हे मूळ शिकारपूरचे, आता उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये सिंध्यांच्या शाळेत गणित शिकवतात. चाल ठरेपर्यंत मोहऱ्याला हात लावत नाहीत, नुसते बघत राहतात. ते माझ्या अर्ध्या गुणानं पुढे आहेत. मी जिंकलो तर मी पहिला, बरोबरी झाली तरी ते पहिले. मंडळाच्या खोलीत यंदापासून विजेत्यांच्या नावांची लाकडी फळी लागणार आहे आणि तिच्यावर सगळ्यात वर कुणाचं नाव रंगवायचं ते या डावावर ठरणार. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला या फळीचा मोह पडावा हे चांगलं नाही, पण पडला आहे खरा.

वेळेचे नियम तुम्हाला माहीत आहेत. प्रत्येकाला पहिल्या चाळीस चालींसाठी अडीच तास. घड्याळातली लाल झेंडी त्याआधी पडली की डाव गेला. माझ्या शेवटच्या आठ चालींना दोन मिनिटं उरली होती. कशा केल्या ते सांगता येणार नाही. चाळिसावी चाल करून घड्याळ दाबलं. मास्तरांनी त्यांची चाल केली, आणि तीन वाजले. पंच आमच्या ड्रॉइंग ऑफिसातले श्यामकांतराव. ते उभे राहून म्हणाले, "पाच तास झाले. डाव तहकूब. श्रीपादराव, चाल लिहा."

हे तहकुबीचं तुम्ही पाहिलेलं नाही म्हणून सांगतो. डाव पुऱ्या आठवड्यासाठी थांबतो. ज्याची चाल असेल त्यानं ती पटावर करायची नाही, कुणाला न दाखवता कागदावर लिहायची. लिफाफ्यात घालायची, पंचांनी लाख लावून कपाटात ठेवायची. पुढच्या रविवारी लिफाफा उघडून तीच चाल पटावर होते आणि घड्याळ सुरू होतं. लिहिलेलं बदलता येत नाही.

माझं एक प्यादं घोड्याच्या ओळीत सातव्या घरात उभं होतं. पुढचं घर मोकळं, अडवणारं कुणी नाही. जमलेल्या सगळ्यांना दिसत होतं की आता याचा वजीर होणार आणि डाव संपणार. आमच्या सेक्शनचा शशिकांत तर मागून माझा खांदा दाबत होता. घड्याळ माझ्या बाजूनं चालूच होतं. मी लिहिलं, घडी घातली, लाख लागली, सगळ्यांनी हात मिळवले.

घरी जाताना देवळात गेलो. गाभाऱ्याच्या पायऱ्या उतरत होतो आणि मनातल्या मनात देवाला आपण काय लिहिलं ते सांगत होतो. मधल्याच पायरीवर थांबलो. मागची बाई म्हणाली, "अवो पुढं व्हा ना, का फतकल मारताव हितंच?"

मी लिहिलं आहे: "प्यादे घोड्याच्या आठव्या घरी. घोडा."

आण्णा, आपल्या पटावर प्यादं ज्या ओळीतून पोचेल त्या ओळीचंच मोहरं व्हायचं. हत्तीच्या ओळीत हत्ती, घोड्याच्या ओळीत घोडा, वर एक उडी फुकट. तुम्ही शिकवलंत, तीस वर्षं तसं खेळलो. नव्या नियमांत प्याद्याचं हवं ते करता येतं आणि शुद्धीवर असलेला माणूस वजीर करतो. हे नवे नियम मंडळात फळ्यावर लिहून शिकवतो कोण, तर मी! चाल नियमाबाहेरची असती तर एकदाचा हरलो तरी असतो. पण ती नियमात चोख बसते. घोडा करायला बंदी नाही, फक्त करत कुणी नाही.

हे कुणालाही सांगितलेलं नाही. कुंदालाही नाही.

मागच्या पानावर पट काढला आहे. माझा राजा आणि तो नवा घोडा, बस. मास्तरांकडे राजा, पांढऱ्या घरांचा उंट आणि दोन प्यादी, एक मधलं, एक कडेचं. वजीर असता तर मी डोळे मिटून जिंकलो असतो. घोड्यानं मला हरण्याशिवाय काही दिसत नाही. डाव तहकूब असताना दुसऱ्याला विचारणं नियमात बसतं, म्हणून तुम्ही निर्धास्त उत्तर द्या. इथे विचारायचं कुणाला? ज्यांच्या पटावर प्याद्यांचे घोडे होत आले असे तुम्हीच.

मागे आपल्यात जे झालं ते घड्याळामुळे झालं. वस्तू नवी होती, कुणालाच सवय नव्हती. तुमच्या मनात अजून काही असेल तर ते काढून टाका. जमलं तर.

वहिनींना नमस्कार सांगा. उत्तर शुक्रवारपर्यंत मिळालं तर बरं.

आपला,
श्रीपाद

---

अंबरनाथ,
बुधवार, ९ फेब्रुवारी १९५५

तीर्थस्वरूप आण्णा यांस,
नमस्कार.

काल टपालवाला आमच्या चाळीत आला आणि वरच्या मजल्याकडे न बघता गेला. आज वर आला तर शेजारच्या बनूबाईंची मनीऑर्डर घेऊन. तुम्हाला पत्र कालच मिळालं असेल, आज उत्तर येणार नाही, हे कळत असूनही मी दोन्ही दिवस डबा खायला घरी आलो. कुंदा विचारते, "एवढी कुणाची वाट बघताय?" मी म्हटलं, गेजच्या कंपनीचं पत्र यायचंय. घरच्या पत्त्यावर! तिनं काही विचारलं नाही, त्यावरून तिला सगळं समजतं हे मला समजलं.

शशिकांतनं पेढ्यांसाठी सेक्शनभर वर्गणी काढली. हार सांगून झाला. आमचे फोरमनसाहेब, ज्यांना हत्ती आणि उंट यातला फरक ठाऊक नाही, तेही काल म्हणाले, "काय मग, वजीर ना?" मी हसलो. हसण्याचा आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. कुंदाच्या गुडघ्याला लोकरीची पट्टी घ्यायला काल सुट्टी झाल्यावर कॅम्प पाचच्या बाजारात गेलो होतो. तिथे होतचंद मास्तर भेटले. मला ओढतच घरी घेऊन गेले. घर म्हणजे लष्करी बराकीतली एक खोली, मधे गोणपाटाचा पडदा. आल्याआल्या भाजलेला पापड आणि पाणी पुढे केलं. ती त्यांच्याकडची रीत. मग म्हणाले,

"साईं, एक बात बोलू? रविवारी मी कशाला येऊ? वजीर झाला, खेळ खतम. इथे शाळेच्या बराकीचे पत्रे बदलायचे आहेत, सगळे मास्तर लोक रविवारीच मोकळे. मैं शनिवारको श्यामकांतजींना चिठ्ठी देतो, हरलो म्हणून. चलेगा?"

आण्णा, चालेल का म्हणून विचारत होते! त्यांनी चिठ्ठी दिली की लिफाफा उघडण्याचं कारणच उरत नाही. श्यामकांतराव तो न फोडता माझ्या हातात देतील. मी घरी आणून चुलीत घालीन. फळीवर माझं नाव लागेल. मला खोटं बोलायला लागणार नाही, एक अक्षरही नाही. फक्त गप्प बसायचं.

मी म्हटलं, "बघा, तुमची मर्जी." आणि पापड खाल्ला.

मास्तरांनी पाठीवर थाप मारली. निघताना बराकीच्या दारापर्यंत आले.

तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. आज एका खोक्यातले बारा नग मी चांगले म्हणून पास केले आणि परत काढून पुन्हा मोजले. गप्प बसणं मला जमतं, हेच मला छळतं आहे. कारण ते मला याआधी जमलेलं आहे.

परवाच्या पत्रात मी लिहिलं, घड्याळामुळे झालं. ते वाचून तुम्ही काय म्हणाला असाल कोण जाणे. आता लिहायला घेतलंच आहे तर लिहितो. हात थांबला तर पाकीट तसंच टाकीन.

दोन वर्षांपूर्वी मंडळाचं घड्याळ नवं आलं. त्या पहिल्या स्पर्धेत मीच तुम्हाला आग्रहानं बोलावलं होतं. आपला डाव पडला. तुमचा डाव चांगला होता. तुम्ही हत्ती माझ्या राजाच्या ओळीत आणून टाकलात आणि मला कळलं की संपलं. चाल करून तुम्ही पानाचा डबा काढलात, सुपारी कातरायला घेतलीत.

घड्याळ दाबायचं तुम्ही विसरला होतात.

वेळ तुमची चालू राहिली. तुमच्या काट्यावर बावीस मिनिटं होती. मी ते पहिल्याच मिनिटाला पाहिलं. "आण्णा, घड्याळ," एवढे दोनच शब्द बोलायचे होते. मी हनुवटीखाली हात घेतले आणि पटाकडे बघत विचार करत असल्यासारखा बसलो. विचार कसला करणार? माझ्याकडे चालच नव्हती. मी तुमच्या काट्याचा आवाज ऐकत होतो. दहा मिनिटं झाली तेव्हा वाटलं, आता सांगितलं तर इतका वेळ का सांगितलं नाही असं होईल. म्हणून आणखी बसलो. झेंडी पडली तेव्हा पंचांना हात वर करून बोलावलं, तेही मीच.

तुम्ही म्हणालात, "वेळ संपली का? बरं." अडकित्ता डब्यात घातलात, टोपी घातलीत आणि निघून गेलात.

नंतर मंडळात कुणीतरी म्हणालं, जुन्या माणसांना घड्याळ झेपत नाही. मी त्यावर हसलो. हेही लिहून टाकतो. गेल्या वैशाखात मीनलच्या लग्नाला तुम्ही आलात, अक्षता टाकल्यात आणि जेवल्याशिवाय गेलात. कुंदा रडली. तुमची समजूत काढायला बदलापूरला जा म्हणून ती माझ्या मागे लागली होती. मी तिला सांगितलं, आण्णा हरल्याचा राग धरून बसलेत. तुमच्यावर घातलं मी ते. हे सगळ्यात वाईट.

शनिवारी संध्याकाळी मास्तर चिठ्ठी देणार. आज बुधवार. मी काय करीन ते मला खरंच माहीत नाही, आण्णा. मी स्वतःला जेवढा ओळखतो त्यावरून मला भरवसा वाटत नाही.

उत्तर नाही दिलंत तरी चालेल. पटाचंही राहू द्या.

श्रीपाद

---

अंबरनाथ,
रविवार, १३ फेब्रुवारी १९५५

तीर्थस्वरूप आण्णा यांस,
नमस्कार.

तुमचं कार्ड शुक्रवारी मिळालं. शिक्का बुधवारचा, म्हणजे माझं दुसरं पत्र पोचण्याआधीच तुम्ही ते टाकलेलं होतं. कार्डावर खुशाली नाही, आशीर्वाद नाही, सही नाही. नुसत्या चाली. मी ते सदऱ्याच्या खिशात घालून दोन दिवस फिरलो. आत्ताही समोर आहे. तुम्ही लिहिलंत:

"घोडा वाचवायला जाशील तर मरशील. त्याला शह देत देत मधल्या प्याद्यापर्यंत ने आणि ते प्यादं खाऊन मरू दे. तेवढ्यात राजा कडेच्या प्याद्याच्या कोपऱ्यात पोचव. ते प्यादं जिथे वजीर व्हायचं ते घर काळं, मास्तराचा उंट पांढऱ्याचा. कोपऱ्यातून तुला कुणी काढू शकत नाही. राजाला शह नाही आणि चालही नाही अशी वेळ आली तर नव्या नियमात बरोबरी."

नव्या नियमात! आपल्या पटावर तर राजाला असं कोंडणारी चाल करायलाच मनाई. हे तुम्हाला कुणी सांगितलं, आण्णा? बदलापुरात तुमच्याशी नव्या नियमांनी खेळतं कोण?

काल शनिवारी अर्धी सुट्टी होती. दोन वाजता फॅक्टरीतून निघालो तो घरी न जाता चालत कॅम्प पाचला गेलो. वाटेत दोनदा परत फिरलो. एकदा तर पार पाण्याच्या टाकीपर्यंत मागे आलो. शेवटी मास्तरांच्या बराकीशी पोचलो तेव्हा ते चिठ्ठी खिशात घालून, चपला घालून निघालेच होते. मला बघून म्हणाले, "अरे साईं! आपण बरोबरच जाऊ."

मी म्हटलं, "मास्तर, चिठ्ठी देऊ नका. उद्या या."

"क्यों? वजीर नाही झाला काय?" ते हसत म्हणाले.

"लिफाफा उघडल्याशिवाय हरू नका," एवढंच मला बोलता आलं. त्यांनी माझ्याकडे पटाकडे बघतात तसं बघितलं, खूप वेळ. मग चिठ्ठी काढून तिचे चार तुकडे केले आणि म्हणाले, "पत्रे पुढच्या हप्त्यात बदलू. चल, पापड खा." काल तो पापड मला गिळवला नाही.

आज सकाळी खोली भरली होती. हार टेबलावर, पेढे पाटीत. श्यामकांतरावांनी लाख फोडली, कागद उलगडला, वाचला, चष्मा काढून पुसला आणि परत वाचला. मग प्यादं उचललं आणि त्या जागी घोडा ठेवला. कुणीतरी फिस्सकन हसलं. शशिकांत म्हणाला, "साहेब, चुकून घोडा ठेवलात." श्यामकांतराव म्हणाले, "लिहिलंय तेच ठेवलं." त्यानंतर शशिकांतकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी एकदा घोड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि घड्याळ सुरू झालं.

पुढच्या सोळा चालींना एक तास. तुम्ही सांगितलंत तसा घोडा नेला. मास्तर कसलेले, त्यांनी उंट अशा जागी आणला की मला दर चालीला सगळं पुन्हा मोजावं लागलं. बारावी चाल होईतो माझ्याकडे चार मिनिटं उरली. घोड्यानं शह देऊन मधलं प्यादं खाल्लं, त्यांच्या राजानं घोडा खाल्ला. मी राजा कोपऱ्याकडे सरकवला आणि हात मागे घेतला. पोचला, पोचला, एवढंच डोक्यात होतं.

मी घड्याळ दाबलं नव्हतं.

मास्तरांनी लगेच बोट केलं. पटावरून नजरही काढली नाही. "साईं, घड्याळ."

आण्णा, एवढं सोपं असतं ते. दोन शब्द, आणि ते बोलताना माणसाचं काहीसुद्धा जात नाही. मी घड्याळ दाबलं आणि मला पट दिसेना. डोळे पुसावे लागले. लोकांना वाटलं, वजीर गेला म्हणून.

डाव बरोबरीत सुटला. राजा कोपऱ्यात बसला तो बसलाच. मास्तर पहिले आले, फळीवर त्यांचं नाव लागेल. हार त्यांना घातला, पेढे शशिकांतनं तोंड पाडून वाटले. मास्तरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्हाला मालूम होतं ना, घोडा आहे ते?" मी मान हलवली. त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही.

घरी येऊन कुंदाला सगळं सांगितलं. लिफाफ्याचं आणि त्याआधीचंही. तुमच्यावर खोटं घातलं होतं तेही सांगितलं. ती उठून आत गेली. थोड्या वेळानं चहा आणून ठेवला, पण माझ्याशी अजून बोललेली नाही. ते बरोबरच आहे.

माफ करा असं लिहिणार होतो. तो शब्द तीनदा लिहून खोडला, कारण तो लिहिला की तुम्हाला उत्तर देणं भाग पडेल. तशी जबरदस्ती मला करायची नाही. मी बोलायला दोन वर्षं घेतली, तुम्ही हवा तेवढा वेळ घ्या.

उशिरा बोललेला,
श्रीपाद

---

बदलापूर,
मंगळवार, १५ फेब्रुवारी १९५५

चिरंजीव श्रीपाद यास आण्णाचा आशीर्वाद.

तिन्ही पत्रं पोचली. घोडा योग्य जागी मेला हे वाचून बरं वाटलं. मास्तरांना माझा नमस्कार सांग.

एक गोष्ट सांगतो आणि हा विषय माझ्यापुरता संपवतो. त्या दिवशी हत्ती टाकल्यावर घड्याळ दाबायचं राहिलं, हे मला चार-पाच मिनिटांतच कळलं होतं. काटा वाजत होता आणि माझे कान शाबूत आहेत. दाबायला हात पुढे करणार, तेवढ्यात तू घड्याळाकडे बघून नजर वळवलीस ती मला दिसली. मी हात परत डब्यावर ठेवला. म्हटलं, श्रीपाद आता सांगेल. मग म्हटलं, आता सांगेल. झेंडी पडेपर्यंत मी तेच म्हणत होतो.

तेव्हा माझी वेळ सगळी तू घालवली नाहीस. निम्म्याहून जास्त मी माझ्या हट्टानं घालवली. पुढची दोन वर्षंही तशीच. लग्नात न जेवता आलो त्याची लाज वाटते, हे कुंदाला सांग. तुझ्या वहिनीला मी तुझ्याबद्दल काही बोललो नव्हतो. तिला आज पत्रं वाचून दाखवली.

नव्या नियमांचं विचारलंस. पुस्तक मागवून शिकलो. इथे खेळायला कोणी नाही. बांधावरच्या कोंडाजीला समोर बसवतो, तो माझ्या सांगण्याप्रमाणे मोहरी हलवतो आणि विड्या ओढतो. दर चालीनंतर पानाच्या डब्यावर हात मारायची सवय लावून घेतली आहे. तुझी वहिनी म्हणते, डब्याला पोचे पडले.

येत्या रविवारी दोघंही या. वालाच्या शेंगा भरपूर आहेत, जेवायलाच या. मंडळाचं घड्याळ एका दिवसासाठी मिळालं तर घेऊन ये. माझ्या बाजूला बावीस मिनिटं लाव, तुझ्या बाजूला किती होती ते तुला आठवत असेल. ओटीवर पट मांडून ठेवला आहे, हत्ती टाकलेला आहे तिथूनच.

माझी चाल झालेली आहे. घड्याळही दाबलं असं समज.

तू बोलशील म्हणून थांबलेला,
आण्णा